घरातल्या रोपांसाठी एलईडी दिवा बनवताना हिशोब पानापासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद फळी, खिडकीपासून बरीच आत. तिच्यावर लेट्यूस आणि थोडी टोमॅटोची रोपं. वर ३० लाल आणि ६ निळे असे ‘एक वॅट’चे ३६ एलईडी, १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर रेझिस्टर घालून जोडलेले, फळीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर, रोज १२ तास. तीन आठवड्यांत रोपं लांबट झाली, रंग फिकट पडला, शेंडे कलंडले. आणि तुम्ही विचारलंय की लाल-निळ्याचं प्रमाण ५ ला १ ऐवजी किती ठेवू?

प्रमाण बदलून काहीही होणार नाही. तुमची रोपं उपाशी आहेत. त्यांना जितका प्रकाश लागतो त्याच्या साधारण एक नवमांश मिळतोय, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाही, पुढे आकडे मांडूनच दाखवतो. दिवा बनवणारे बहुतेक जण रंगापासून किंवा वॅटपासून सुरुवात करतात. मीही तशीच केली होती. हिशोब पानापासून सुरू करून उलटा दिव्यापर्यंत आणला, की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

झाड वॅट ओळखत नाही, लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) हेही ओळखत नाही. ते फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजतं. ४०० ते ७०० नॅनोमीटर या, म्हणजे जांभळ्या-निळ्यापासून लालपर्यंतच्या, पट्ट्यातले किती फोटॉन दर सेकंदाला एक चौरस मीटर जागेवर पडतात, या मापाला पीपीएफडी म्हणतात आणि ते मायक्रोमोलमध्ये सांगतात (मोल म्हणजे डझनासारखाच मोजणीचा एक प्रचंड मोठा गट, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). स्वच्छ दुपारी उघड्यावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. पण झाडाच्या दृष्टीने त्या क्षणापेक्षा दिवसभराची बेरीज महत्त्वाची. तिला डीएलआय म्हणतात आणि ती मोलमध्ये मोजतात. सूत्र सोपं आहे: पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६.

मनीप्लांटसारखी सावलीतली झाडं दिवसाला २ ते ४ मोलांवर तग धरतात. लेट्यूसला १२ ते १७ लागतात. टोमॅटोला फळं धरायची असतील तर २० ते ३०. उन्हाळ्यातला निरभ्र दिवस बाहेर ४० ते ६० मोल देऊन जातो. आपल्या डोळ्यांना मात्र यातला फरक कळत नाही, कारण उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि सगळं ठीक वाटतं. संध्याकाळी दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत २००-३०० लक्स उजेड असतो, आपण आरामात वाचतो. झाडाच्या भाषेत ते फक्त ३-४ मायक्रोमोल. म्हणून ‘दिवा चांगला लख्ख आहे’ या वाक्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या तोंडून निघालं तरी.

आता तुमच्या दिव्याचा हिशोब. ‘एक वॅट’ची लाल चिप ३०० मिलीअ‍ॅम्पिअरवर साधारण २.१ व्होल्ट घेते, म्हणजे ०.६३ वॅट. निळी ३.२ व्होल्ट घेते, म्हणजे ०.९६ वॅट. ३० लाल आणि ६ निळ्या मिळून जेमतेम २५ वॅट. अशा सुट्या, नाव-गाव नसलेल्या चिप्सकडून मी एका जूलला (म्हणजे एक वॅट एक सेकंद) १.५ मायक्रोमोलपेक्षा जास्त धरत नाही. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३७ मायक्रोमोल. दिवा ६० सेंटिमीटर वर आहे आणि बाजूंना काहीच नाही, त्यामुळे निम्मा प्रकाश तरी फळीबाहेर जातो. उरले १९. फळीचं क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर, म्हणजे पीपीएफडी ३५. बारा तासांचा डीएलआय दीड मोल. लेट्यूसला हवेत १४. दोन पेरांमधलं अंतर वाढणं, कांडं बारीक होणं, पानं छोटी राहणं ही अंधारातून उजेडाकडे पळण्याची धडपड आहे. प्रमाण ४ ला १ केलं असतं तरी ती अशीच पळाली असती.

रंगाबद्दल

लाल-निळ्याचा आग्रह कुठून आला हे सांगतो, म्हणजे तो सोडायला सोपा जाईल. हरितद्रव्य पानातून काढून द्रावकात विरघळवलं आणि त्यातून प्रकाश सोडला, की निळ्यात आणि लालमध्ये दोन उंच शिखरं दिसतात आणि मध्ये हिरव्याची दरी. पाठ्यपुस्तकात हाच आलेख असतो. त्यावरून ‘हिरवा प्रकाश झाडाला नकोच’ असा निष्कर्ष निघाला. पण पान म्हणजे द्रावण नव्हे. आत पेशींचे थर आहेत, प्रकाश त्यांत उलटसुलट आपटत राहतो, आणि अखेरीस हिरव्यातलाही जवळपास तीन चतुर्थांश भाग शोषला जातो. किथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या प्रत्यक्ष पानांवर मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांच्या आलेखात हिरव्याची दरी नाही, उथळ खळगा आहे. उलट लाल आणि निळा प्रकाश पानाच्या वरच्या थरातच बराचसा संपतो. हिरवा खालच्या थरांपर्यंत आणि वरच्या पानातून खालच्या पानापर्यंत पोचतो. दाट वाढलेल्या लेट्यूसच्या गड्ड्यात याचा उपयोग होतो.

एलईडीच्या सुरुवातीच्या काळात लाल-निळा हाच शहाणपणाचा मार्ग होता, कारण तेव्हा चांगल्या कार्यक्षमतेचे पांढरे एलईडीच नव्हते. आज आहेत. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा थर. निळ्यातला थोडा भाग तसाच बाहेर येतो, बाकीचा हिरवा-पिवळा-लाल होऊन येतो. ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे पांढऱ्याची छटा, आकडा कमी तितकी ती पिवळसर) पांढऱ्यात ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास निळा, चाळीसच्या आसपास हिरवा आणि उरलेला लाल असतो. ४००० केल्विनमध्ये निळा थोडा जास्त. रोपं बुटकी आणि दणकट राहायला एवढा निळा पुरतो. म्हणजे तुमच्या प्रमाणाच्या प्रश्नाचं उत्तर फॉस्फर बनवणाऱ्याने आधीच देऊन ठेवलंय.

पांढऱ्याच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते मी एक अख्खा वाफा गमावून शिकलो. माझं पहिलं पॅनल तुमच्यासारखंच लाल-निळं होतं. त्या जांभळ्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं, आणि पिवळं पडू लागलेलं पानही वेगळं ओळखू येत नाही. रोज पाणी घालत होतो, रोज बघत होतो, सगळं सारखंच काळपट. एके दिवशी दिवा बंद असताना हातातली साधी विजेरी पानांवर मारली. खालची पानं शिरांच्या मधून पिवळी, आणि पानाच्या पाठीवर कोळ्यांची बारीक जाळी, त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके हलत होते. दोन आठवडे ते माझ्या डोळ्यांदेखत वाढले होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये गेलेल्या ‘व्हेजी’ या रोपवाटिकेतही लाल-निळ्यासोबत हिरवे एलईडी दिले होते, ते मुख्यतः अंतराळवीरांना झाड झाडासारखं दिसावं म्हणून. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिथलं लाल रोमेन लेट्यूस खाल्लं. झाड नीट दिसणं हा चैनीचा भाग नाही, रोगनिदानाचं ते पहिलं साधन आहे.

लाल एलईडीला माझा विरोध नाही. ६६० नॅनोमीटरचा फोटॉन स्वस्त पडतो. लालच्या एका मोलला १८१ किलोजूल ऊर्जा लागते, ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या मोलला २६६. पानात गेल्यावर दोन्ही फोटॉन जवळपास तेवढंच काम करतात, निळा उलट किंचित कमी. त्यामुळे पांढऱ्याला लालची जोड दिली की विजेच्या त्याच युनिटात जास्त फोटॉन मिळतात. पण ती दुसरी पायरी. ७३० नॅनोमीटरचा फार-रेड, म्हणजे लालच्या पलीकडचा प्रकाश, पानं रुंद करतो आणि कांडंही ताणतो. रोपं आधीच लांबट होत असताना त्याच्या नादाला लागू नका. अतिनील तर सोडूनच द्या, डोळ्यांना धोका आहे आणि तुमच्या पिकाला त्याची गरज नाही.

उलटा हिशोब

लेट्यूससाठी १४ मोल धरू. रोज १६ तास दिवा चालवायचा, तर १४ भागिले (१६ × ०.००३६) म्हणजे २४३ मायक्रोमोल पीपीएफडी. टोमॅटोच्या रोपांना रोपवाटिकेत एवढा छान चालतो. फळं धरायची असली तर हा दिवा पुरणार नाही, ते आत्ताच सांगतो. क्षेत्रफळ ०.५४, म्हणजे फळीवर दर सेकंदाला १३१ मायक्रोमोल पडायला हवेत. दिवा खाली आणून बाजूंना पांढरे पडदे लावले तरी पाव भाग प्रकाश वाया जातो असं धरा. म्हणून दिव्यातून निघायला हवेत १७५.

चांगल्या प्रतीच्या मध्यम शक्तीच्या पांढऱ्या चिप्स एका जूलला २.८ मायक्रोमोल सहज देतात. सॅमसंगची एलएम३०१ मालिका बरेच जण वापरतात, तिच्या तोडीच्या इतर कंपन्यांच्याही आहेत. १७५ भागिले २.८ म्हणजे ६२.५ वॅट. ड्रायव्हरची (एलईडीला योग्य करंट पुरवणाऱ्या डब्याची) कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर भिंतीतल्या प्लगमधून ६८ वॅट. दिवसाचं एक युनिट आणि वर थोडंसं. तुमच्या आत्ताच्या दिव्याच्या मानाने रोजची वीज साधारण तिप्पट, आणि पानावर रोज पडणारा प्रकाश नऊपट. हा फरक चिपच्या प्रतीतून, उंचीतून, पडद्यांतून आणि चार जादा तासांतून आला. जादूचा रंग यात कुठेच नव्हता.

बाजारातल्या तयार दिव्यांवर ‘६०० वॅट’, ‘१००० वॅट’ असे आकडे छापलेले असतात. ते बहुधा चिप्सच्या कमाल क्षमतेची बेरीज असते किंवा कुठल्याशा जुन्या दिव्याशी केलेली तुलना. प्रत्यक्ष किती वॅट ओढतो आणि दर सेकंदाला किती मायक्रोमोल टाकतो, हे दोनच आकडे विचारा. ते मिळत नसतील तर तो दिवा घेऊ नका.

चिप्स किती आणि किती करंटवर, इथे माझं मत ठाम आहे: जास्त चिप्स, कमी करंट. कोणत्याही एलईडीच्या डेटाशीटमध्ये करंट आणि प्रकाशाचा आलेख असतो. तो सरळ रेषेत चढत नाही, वर जाताना वाकतो. करंट दुप्पट केला तरी प्रकाश दुप्पट होत नाही, उरलेलं उष्णतेत जातं. २०० मिलीअ‍ॅम्पिअर कमाल असलेली चिप मी ६५ ते ९० च्या दरम्यान चालवतो. सुरुवातीचा खर्च वाढतो, पण दिवा रोज १६ तास चालतो, वर्षाला ५८४० तास. बचत त्या तासांत होते.

तुमच्या फळीसाठी मी चार पट्ट्या घेईन, प्रत्येकी सुमारे ११० सेंटिमीटर. प्रत्येक पट्टीवर ७२ चिप्स: आठ-आठ सिरीजमध्ये, अशा नऊ ओळी पॅरललमध्ये. चिपचं व्होल्टेज २.८ धरलं तर पट्टी २२.४ व्होल्टची झाली, आणि ०.७ अ‍ॅम्पिअरला एका चिपमधून सुमारे ७८ मिलीअ‍ॅम्पिअर जातात. चारही पट्ट्या सिरीजमध्ये लावल्या तर एकूण व्होल्टेज ९० होतं. पाण्याने ओले हात जिथे रोज जाणार तिथे डीसी ६० व्होल्टच्या वर जायला माझं मन धजत नाही. म्हणून दोन-दोन पट्ट्या सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरललमध्ये. एकूण ४५ व्होल्ट, १.४ अ‍ॅम्पिअर. ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचा (व्होल्टेज बदललं तरी करंट तेवढाच ठेवणारा), १४०० मिलीअ‍ॅम्पिअर, ज्याच्या आउटपुटच्या मर्यादेत ४० ते ५० व्होल्ट आरामात बसतात असा, आयसोलेटेड (आउटपुटचा घरच्या विजेशी थेट संबंध नसलेला) आणि डिमिंगची सोय असलेला.

पॅरलल जोडणीत एक प्रश्न स्वतःला विचारायचाच: एका जोडीची वायर निसटली तर? सगळा १.४ अ‍ॅम्पिअर दुसऱ्या जोडीतून जाणार, चिपमागे १५५ मिलीअ‍ॅम्पिअर. ते २०० च्या आत आहे, म्हणून दिवा जळणार नाही, फक्त तापेल आणि अर्धी फळी अंधारात दिसली की तुम्हाला कळेल. हीच चिप तुम्ही मुळात १५० वर चालवत असता, तर वायर निसटल्यावर उरलेली जोडीही गेली असती. कमी करंटवर चालवण्याचा हा दुसरा फायदा. तरीही प्रत्येक जोडीला एक छोटा फ्यूज घाला.

कॉन्स्टंट करंटवरच मी का अडून बसतो? चिप तापली की तिचं व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलीव्होल्टने उतरतं. सोळा चिप्स सिरीजमध्ये आणि तापमान तीस अंशांनी वाढलं, तर एक व्होल्टचा फरक. ठरावीक व्होल्टेजच्या सप्लायवर याचा अर्थ करंट वाढणार, करंट वाढला की चिप अजून तापणार, तापली की व्होल्टेज अजून उतरणार. एका चिपवर दशांश व्होल्टचा फरक पडला तर करंट दीडपट होऊ शकतो, इतका तो उतार खडा आहे. तुमचे रेझिस्टर हे चक्र थोपवतात खरं, पण निळ्या ओळींत विजेचा पाचवा हिस्सा ते नुसता तापण्यात घालवतात.

उष्णता, पाणी आणि गंधक

६२ वॅटपैकी साधारण ४० टक्के, म्हणजे २५ वॅट चिपमध्येच उष्णता होते. चार पट्ट्यांत वाटली तर प्रत्येकी सहा. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या चॅनलवर बसवली आणि चॅनलचा हवेला लागणारा पृष्ठभाग १२०० चौरस सेंटिमीटर असला, तर पंख्याविना खोलीच्या तापमानापेक्षा पाच ते दहा अंश वर जाऊन तापमान थांबतं. हात लावला तर कोमट. हेच २५ वॅट एका मोठ्या सीओबी चिपमधून (एकाच जागी दाटीने बसवलेले अनेक एलईडी) निघाले तर नखाएवढ्या जागेतून ते बाहेर काढायला जाड पात्यांचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) लागतो, आणि बहुधा वर एक फॅन. तो फॅन कधीतरी धुळीने बंद पडतोच. घरातल्या फळीसाठी मी सीओबी वापरणं सोडलं ते यामुळे.

पट्टी लाकडी फळीला थेट चिकटवू नका. चॅनलवर बसवताना थर्मल टेप चालते, पण दर पंधरा-वीस सेंटिमीटरवर एक स्क्रू हवाच. टेप वर्षभराने सुटते, पट्टीला मध्येच फुगवटा येतो, आणि तेवढ्या जागेतल्या चिप्स आधी पिवळ्या पडतात. फुगवटा नजरेला दिसायच्या आधी बोटाला कळतो. महिन्यातून एकदा दिवा बंद करून, प्लग काढून, पट्टीवरून बोट फिरवा.

पाण्यापासून जपताना एक चूक फार जण करतात. सोल्डरचे सांधे झाकायला घरात असेल ते सिलिकॉन लावतात. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वापरू नका. ती अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ चिपच्या आतल्या चांदीच्या मुलाम्याला काळं करते, आणि चांदी काळी झाली की प्रकाश उतरतो. न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे आम्लाची वाफ न सोडणारं, घ्या. तसंच गंधक. भुरी रोगावर बंदिस्त जागेत गंधकाची धुरी देणारे लोक आहेत, त्यांच्या दिव्यांच्या चिप्सही याच कारणाने काळ्या पडतात. एकदा एक दिवा माझ्याकडे ‘मंद झाला’ म्हणून आला होता. भिंगाखाली धरला तर प्रत्येक चिपच्या पिवळ्या थराखाली कडेने काळसर वर्तुळ. करंट बरोबर, व्होल्टेज बरोबर, प्रकाश जवळजवळ अर्धा. त्याला इलाज नाही, पट्ट्या बदलाव्या लागल्या.

ड्रायव्हर फळीच्या वर किंवा बाहेर ठेवा, रोपांच्या खाली कधीच नाही. सगळं अ‍ॅल्युमिनियम अर्थिंगला जोडा. वायर दिव्याकडून प्लगकडे जाताना मध्ये एक खालचा झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून टपकेल, प्लगपर्यंत पोचणार नाही. सर्किटवर आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) आहे ना, हे तपासल्याशिवाय फवारणीचा पंप हातात घेऊ नका. या परिच्छेदातल्या एकाही गोष्टीत तडजोड करू नका.

टायमरबद्दलही. ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. साध्या टायमरच्या रिलेची टोकं त्या झटक्यांनी हळूहळू वितळून एकमेकांना चिकटतात, आणि मग दिवा बंदच होत नाही. माझ्याकडे असा टायमर चिकटला तेव्हा मी चार-पाच दिवस बाहेर होतो. लेट्यूसला काही झालं नाही. टोमॅटोच्या पानांवर मात्र शिरांच्या मधून पिवळे धब्बे आले आणि पानं कडक झाली. टोमॅटोला अंधार लागतोच, चोवीस तासांच्या उजेडात त्याची पानं बिघडतात. तेव्हापासून मी असा झटका सोसू शकणारा टायमर घेतो, आणि नव्या मांडणीत पहिल्या आठवड्यात एकदा तरी रात्री उठून दिवा खरंच बंद झालाय का ते बघतो.

मांडणी आणि मोजणी

पट्ट्या समान अंतरावर लावल्या तर मधला भाग उजळ आणि कडा फिक्या राहतात, कारण मधल्या रोपाला दोन्ही बाजूंनी प्रकाश येतो आणि कडेच्या रोपाला एकाच बाजूने. म्हणून बाहेरच्या दोन पट्ट्या कडेला सरकवा. ४५ सेंटिमीटर रुंदीत ३, १५, ३० आणि ४२ सेंटिमीटरवर. उंची पानांच्या शेंड्यापासून २५ ते ३० सेंटिमीटर. तिन्ही बाजूंना मॅट पांढरा बोर्ड, पुढे वर गुंडाळता येणारा पांढरा पडदा. आरशापेक्षा मॅट पांढरा रंग मला बरा वाटतो, त्याने प्रकाश पसरतो आणि एका जागी भाजत नाही. भिंगं लावू नका, एवढ्या जवळून ती फक्त पट्टे पाडतात. ‘अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौपट कमी’ हा नियम बिंदूएवढ्या दिव्याचा आहे. फळीएवढा दिवा फळीच्या जवळ असताना उंची थोडी बदलली तर प्रकाश त्या मानाने हळूच कमी होतो, फक्त बाहेर जास्त सांडतो.

मोजणीसाठी क्वांटम सेन्सर (थेट पीपीएफडी मोजणारा) असेल तर उत्तम. नसेल तर पांढरी घुमटी असलेला साधा लक्समीटर घ्या आणि आलेला आकडा ७० ने भागा. पांढऱ्या एलईडीसाठी हा भागाकार दहा टक्क्यांच्या आसपास बरोबर येतो. उन्हासाठी भाजक ५४ आहे. लाल-निळ्या दिव्याखाली मात्र लक्समीटर निरुपयोगी, कारण तो माणसाच्या डोळ्यासारखा हिरव्याला जास्त भाव देतो. मोबाइलच्या अ‍ॅपने एक जागा दुसरीपेक्षा उजळ आहे का एवढं कळतं, खरा आकडा नाही. फळीवर पाच गुणिले तीन अशा पंधरा जागी मोजा, मीटर पानांच्या उंचीवर धरून. सरासरी १७,००० लक्सच्या आसपास यायला हवी, आणि सगळ्यात कमी आकडा सरासरीच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली नको. कोपऱ्यांत तो खाली येईलच, तिथे सावली सोसणारी रोपं ठेवा.

नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण लावू नका. तुमच्या रोपांना ३५ मायक्रोमोलची सवय झालेली आहे, एकदम २४० मिळाले तर वरची पानं पांढरट पडतील. डिमरवर ४० टक्क्यांनी सुरू करा, आठ-दहा दिवसांत चढवत न्या. जी रोपं आधीच लांबट झालीत त्यांची कांडं आता आखूड होणार नाहीत. टोमॅटो मातीत खोल पुरून लावता येईल, कांड्याला मुळं फुटतात. लेट्यूस मात्र पुन्हा पेरा. प्रकाश वाढला की पाणी आणि खतही जास्त लागेल. आणि पानांवरून हलकी हवा फिरती ठेवा. भरपूर उजेडात लेट्यूस भराभर वाढतं, गाभ्यातल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शिअम पोचत नाही आणि त्यांच्या कडा करपतात. ते बघून लोक दिवा कमी करतात. आधी छोटा फॅन लावून बघा.

शेवटी तुमच्या जुन्या ३६ चिप्स. त्या टाकू नका. निळ्या सहा बाजूला ठेवा, पांढऱ्यात निळा पुरेसा आहे. लाल तिसांपैकी २० घ्या, सगळ्या एका ओळीत सिरीजमध्ये. २० × २.१ म्हणजे ४२ व्होल्ट, ६० च्या आत. त्यांना ३०० मिलीअ‍ॅम्पिअरचा वेगळा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर द्या. पांढऱ्यांच्या ओळीत त्यांना मिसळू नका, व्होल्टेज वेगळं आहे. शिवाय लाल चिप तापली की तिचा प्रकाश पांढरीपेक्षा जास्त उतरतो, म्हणून तिला तिचं स्वतःचं अ‍ॅल्युमिनियम हवं. या लाल चिप्स मधल्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधल्या १५ सेंटिमीटरच्या जागेत बसतील. पण लेट्यूसचं पहिलं पीक फक्त पांढऱ्यावर काढा आणि पानांचं वजन लिहून ठेवा. दुसऱ्या पिकाला लाल सुरू करा, बाकी काही बदलू नका, आणि दोन्ही वजनं मला कळवा.